खंडेनवमीचा चुंबक

उषाचा प्रश्न तसा साधाच होता. पण तो तिसरीच्या सगळ्या वर्गादेखत विचारला गेला आणि म्हणून बद्रीनाथ तौर गुरुजींच्या अगदी वर्मी लागला. गुरुजींनी दरवर्षीसारखा फळ्यावर घोड्याच्या नालेच्या आकाराचा चुंबक काढला होता, त्याच्या दोन्ही टोकांना टाचण्या लटकावल्या होत्या, अर्थात खडूच्याच, आणि ‘लोखंडाला स्वतःकडे ओढणाऱ्या वस्तूला चुंबक म्हणतात’ हे वाक्य वर्गाकडून घोकून घेतलं होतं. पोरांनी ते इतक्या जोरात म्हटलं की शेजारी दुसरीच्या वर्गावर असलेल्या सत्यशीलाबाईंनी मधलं दार लावून घेतलं. मग उषा उभी राहिली.

"गुरुजी," ती म्हणाली, "चुंबक खरंच असतंय, का भुतावानी नुसतं सांगायचं असतंय?"

वर्ग हसला असता तर गुरुजींना बरं वाटलं असतं. हसणाऱ्या वर्गाला गप्प करता येतं. पण कुणीच हसलं नाही, सगळे उत्तराची वाट बघत बसले. म्हणजे शंका एकट्या उषाची नव्हती, तोंड तेवढं तिचं होतं.

आता खरं सांगायचं तर या पोरांनी पुस्तकातल्या कितीतरी गोष्टी न बघता मान्य केल्या होत्या. देवमासा मान्य केला होता, हिमालय मान्य केला होता, दिल्लीतलं संसद भवनही विनातक्रार मान्य केलं होतं. मग गाडी नेमकी चुंबकापाशीच का अडावी, यावर गुरुजींनी नंतर बराच विचार केला. देवमासा लांब समुद्रात राहतो, त्याची गैरहजेरी समजण्यासारखी आहे. पण एखादी वस्तू ओढते असं कुणी सांगितलं, की ती कधीतरी आपल्यालाही ओढेल अशी माणूस वाट बघतो. वर्षानुवर्षं कुणीच ओढलं नाही, तर शंका येणारच.

गुरुजींनी त्या क्षणी मात्र एवढा विचार केला नाही. येत्या शनिवारी खराखुरा चुंबक आणून प्रत्येकाच्या हातात देतो, असं त्यांनी भर वर्गात जाहीर करून टाकलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर लोक अशा घोषणा सहसा करत नाहीत. शाळा जालन्याच्या एमआयडीसीला लागून असलेल्या गावात होती. बहुतेक पोरांचे बाप लोखंडाच्या मिलमध्ये कामाला, त्यामुळे घराघरांत सळ्यांचे तुकडे होते, पण चुंबक कुणाकडे नव्हता. संध्याकाळपर्यंत ती घोषणा मिलच्या गेटपर्यंत गेली आणि दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं गुरुजींची सायकल थांबवून विचारलं, की शनिवारी शाळेत काय आहे म्हणे.

शाळेत चुंबक नव्हता असं नाही. सरकारकडून आलेली विज्ञान पेटी मुख्याध्यापक भुजंगरावांच्या लोखंडी कपाटात होती आणि तिच्यात एक चुंबक होता. भुजंगरावांचं धोरण असं, की सरकारी वस्तू वापरली की झिजते, झिजली की खुलासा द्यावा लागतो. तेव्हा न वापरणं हाच तिचा सर्वांत उत्तम उपयोग. गुरुजी समोर येऊन उभे राहिले तेव्हा भुजंगरावांना वाटलं, बदलीचा अर्ज वगैरे असेल. चुंबक हवाय, तोही पोरांना दाखवायला, हे ऐकल्यावर ते खरोखर चकित झाले. पुस्तकात चित्र आहे, फळ्यावर तुम्ही काढता, मग आणखी कुठं दाखवायचा, असं त्यांनी अगदी मनापासून विचारलं. शेवटी गुरुजींकडून लेखी घेऊन त्यांनी चुंबक दिला, आणि देताना बजावलं की याला लोखंडाजवळ फार नेऊ नका, ताकद कमी होते.

ती काळजी करायची आता गरज उरलेली नव्हती. दर तपासणीच्या आधी भुजंगराव त्या चुंबकाला लाल ऑइलपेंटचा एक हात मारून घेत. असे अनेक हात बसून तो मूळच्या दुप्पट जाड झाला होता. शिवाय कपाटातली हाताशी येणारी दणकट वस्तू तीच असल्यामुळे पंधरा ऑगस्टच्या पताकांचे खिळे दरवर्षी त्यानंच ठोकले जात. इतके वार सोसल्यावर माणसाचाही जीव राहत नाही. शनिवारी गुरुजींनी टाचण्यांची डबी टेबलावर पसरली, चुंबक वर धरला, खाली आणला, टाचण्यांत खुपसला, फिरवला. एकही टाचणी हलली नाही. पोरं टक लावून बघत होती. बऱ्याच वेळानं पहिल्या रांगेतल्या एका पोरानं, ते झोपलंय का, असं अदबीनं विचारलं.

उषानं मात्र गुरुजींना सांभाळून घेतलं. मधल्या सुट्टीत ती बाकीच्या पोरींना समजावत होती, "माणसं लई असले की ते येत न्हाई." गुरुजींनी ते ऐकलं आणि त्या दिवशी त्यांना डबा गेला नाही. सुट्टीनंतर, पुढच्या शनिवारी नक्की, असं त्यांनी पुन्हा जाहीर करून टाकलं.

गुरुजी जालन्यात झुंबरबाईंच्या घरी दोन खोल्यांत भाड्यानं राहत. तो रंगवलेला चुंबक घेऊन ते घरी आले आणि सगळ्या आळीला विषय मिळाला. चुंबक उपाशी मारला तर मरतो, त्याला रोज लोखंडाचा चुरा चारावा लागतो, असं समोरच्या पेन्शनर तलाठ्यानं सांगितलं. दुसऱ्या एकानं पौर्णिमेच्या चांदण्यात ठेवायला सांगितलं. तिसऱ्याचं म्हणणं, त्याचं तोंड दक्षिणेला होतं, उत्तरेला करा. गुरुजींनी हे सगळं ऐकून घेतलं. चुरा चारला, चांदण्यात ठेवला, तोंड फिरवलं. शिकलेल्या माणसानं हे का करावं, असं कुणी विचारील. पण पुढचा शनिवार जवळ येत चालला की शिकलेला माणूस काय काय करतो याची कल्पना न शिकलेल्याला यायची नाही. त्यांची बायको कौसल्या तेवढं म्हणाली, की इतकी सेवा तुमच्या सासूबाईंची केली असती तर.

या संकटात पलीकडच्या घरातले रामराव धावून आले. रामराव एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या प्लांटात मशीनवर होते. प्लांटाबद्दल बोलताना ते नेहमी ‘आमचा’ म्हणत आणि मालकाबद्दल बोलताना ‘तो’ म्हणत.

"चुंबक पाहिजे व्हता तं मला सांगायचं की, गुरुजी," ते म्हणाले. "आमच्या प्लांटात पडेल हाय एक. बैल वढील असा."

बियाण्यात खिळे, पोती शिवायच्या सुयांचे तुकडे, मळणी यंत्राचे नटबोल्ट असलं काहीबाही येतं. ते चाळणीत जाण्याआधी पकडायला मशीनच्या तोंडाशी चुंबकाची पट्टी बसवलेली असते. तसली एक जादा पट्टी स्टोअरमध्ये होती. रामरावांनी ती कुणाला न विचारता पोत्यात गुंडाळून सायकलवर आणली. कुणाला विचारलं नाही, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि गुरुजींनीही विचारलं नाही. आणता आणता ती सायकलच्या दांडीला अशी चिकटली की दोघांनी मिळून ती उपटून काढली.

त्या संध्याकाळी गुरुजी स्वयंपाकघरातला झारा हातात घेऊन त्या पट्टीसमोर बसले. झारा हळूहळू पुढे नेला. काही दिसत नव्हतं, मधे नुसती हवा होती, आणि तरी झाऱ्याला काहीतरी झालं. डोळ्यांना कळायच्या आधी ते हाताला कळलं. कुणीतरी समोरून अलगद दुसरं टोक धरावं तसं. मग एकदम झारा हातातून निसटून पट्टीवर खण्‌कन बसला. गुरुजींनी तो सोडवला, पुन्हा पुढे नेला. पुन्हा सोडवला. अकरा वर्षं त्यांनी फळ्यावर हे चित्र काढलं होतं, ते चुकीचं नव्हतं, पण त्यात हे कुठंच नव्हतं. त्यांना भारी वाईट वाटलं आणि त्याहून जास्त आनंद झाला. आता प्रश्न शब्द पाळण्यापुरता राहिला नव्हता. ही ओढ त्या पोरांच्या हाताला एकदा लागलीच पाहिजे, असं त्यांना मनापासून वाटायला लागलं.

पण पट्टी घरात आली तशी ती शाळेची राहिली नाही. आधी ती कौसल्यानं ताब्यात घेतली. अस्सल स्टील चुंबकाला चिकटत नाही, हे तिनं कुठूनतरी ऐकलं होतं. तिनं मांडणीवरचं एकेक भांडं उतरवून तपासलं. माहेरहून आलेलं एकही चिकटलं नाही आणि सासरचे डबे झाकणासकट चिकटले. हा निकाल तिनं शांतपणे जाहीर केला आणि डबे पुन्हा जागच्या जागी लावून ठेवले. गुरुजींना त्या शांतपणाचीच जास्त धास्ती वाटली.

मग आल्या झुंबरबाई. त्या घरमालकीण, वरून गुडघ्यांनी जेरीस आलेल्या. चुंबकानं गुडघे सुटतात असं त्यांनी मोंढ्याच्या बाजारातल्या एका वैद्याकडून ऐकलं होतं. घटकाभर लावून बघते म्हणून त्या पट्टी घेऊन गेल्या. भाडेकरूनं घरमालकिणीला घटकाभर म्हणजे किती हे विचारायचं नसतं. दुसऱ्या दिवशी त्यांना आराम पडला, तिसऱ्या दिवशी त्यांच्या नणंदेला पडला, आणि मग गल्लीतल्या बाया गुडघे, कंबर, खांदे घेऊन येऊ लागल्या. शनिवारी सकाळी गुरुजी पट्टी मागायला गेले तर ती एका अनोळखी म्हातारीच्या पाठीखाली होती. "मावशी, आज शाळेत न्यायची व्हती," गुरुजी म्हणाले. झुंबरबाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की लेकरांच्या खेळण्यासाठी म्हातारीच्या अंगाखालचं औषध काढून नेणारा माणूस आपण घरात ठेवला कसा. गुरुजी हात हलवत शाळेत गेले. पोरांना त्यांनी पुढच्या शनिवारचं सांगितलं. पोरांनी मान हलवली, पण ती देवमाशाला हलवावी तशी हलवली.

झुंबरबाईंचा आजार शेवटी रंगीत टीव्हीनं बरा केला. रविवारी सकाळी त्या पट्टी मांडीवर घेऊन टीव्हीच्या अगदी जवळ पौराणिक मालिका बघायला बसल्या आणि पडद्यावरचे देव जांभळे झाले. राक्षस आधीच हिरवे होते, ते आणखी हिरवे झाले. मालिका संपली, बातम्या लागल्या, तरी निवेदिकेच्या गालावरचा जांभळा डाग जाईना. झुंबरबाईंच्या मुलानं मेकॅनिक आणला, मेकॅनिकनं मांडीवरची पट्टी बघितली आणि कपाळावर हात मारला. तासाभरात पट्टी गुरुजींच्या दारात होती. टीव्ही बिघडवणारी वस्तू घरात आणली म्हणून झुंबरबाई पुढं कित्येक दिवस गुरुजींशी बोलल्या नाहीत. त्यांचे गुडघेही पुन्हा धरले, आणि त्याचा दोषही गुरुजींकडेच आला.

गुरुजींनी सगळा अपमान आनंदानं गिळला, कारण पट्टी परत मिळाली होती. शनिवारी पहाटेच ती सायकलला बांधायची असं ठरवून ते निवांत झाले. शुक्रवारी संध्याकाळी रामराव घामाघूम होऊन आले.

"गुरुजी, जल्दी करा," ते म्हणाले. "चालू मशीनचा चुंबक फुटला. साहेब स्टोअरात दुसरा हुडकून राह्यले. म्या म्हनलं, साफ करायला नेला व्हता. आत्ताच्या आत्ता न्यावा लागतो, न्हाई तं माझी नोकरी गेलीच म्हनून समजा."

माणसाच्या पोटावर पाय देऊन पोरांना शास्त्र शिकवता येत नाही. गुरुजींनी स्वतः पट्टी पोत्यात बांधून दिली. ती चालू मशीनवर बसली, आणि रब्बीच्या बियाण्याचा हंगाम असल्यामुळे मशीन रात्रंदिवस सुरू. शनिवारी गुरुजी वर्गात गेले आणि कुणीच काही विचारलं नाही. उषानंही नाही. ती पाढे म्हणत होती, पहिल्यापेक्षा जास्त चांगले म्हणत होती. मास्तरचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं, हे तिला या वयात आपल्याकडून शिकायला मिळालं, या विचारानं गुरुजींचा जीव कासावीस झाला. पोरं भांडली असती तरी चाललं असतं.

रामरावांनाही चुटपुट लागली असावी. दसरा जवळ आला तेव्हा त्यांनीच सांगितलं, की वर्षात एकच दिवस मशीन बंद असतं, खंडेनवमीला. त्या दिवशी हत्यारं-अवजारं पुजतात, म्हणून त्यांना कामाला लावत नाहीत. झाकणं उघडून सगळं धुऊनपुसून ठेवतात, पूजा होते, पेढे वाटतात. पोरांना घेऊन या, लांबून दाखवतो.

शाळेतही त्याच दिवशी पाटीपूजन होतं. दप्तरं, पाट्या, पुस्तकं, खडू, झालंच तर भुजंगरावांची छडी, असं सगळं सरस्वतीपुढं मांडायचं आणि त्या दिवशी पुस्तक उघडायचं नाही, अक्षर शिकवायचं नाही, असा भुजंगरावांचा कडक नेम. तास नाहीत म्हणजे वेळच वेळ. पण पोरं शाळेबाहेर न्यायची तर सहलीची परवानगी हवी, ती वरून यायला हवी, आणि वरून काही आलं तर ते उन्हाळ्याच्या सुट्टीत येतं. गुरुजी हे स्टाफरूममध्ये बोलत असताना सत्यशीलाबाई वह्या तपासत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "परवानगी सहलीला लागते, गुरुजी. प्रसादाला कुठं लागते?"

भुजंगरावांना प्रसादाला नाही म्हणता येईना. कंपनीकडून पेढे मिळणार म्हटल्यावर त्यांनी उलट दोन जास्त आणायला सांगितले. पाटीपूजन उरकून तिसरीचा वर्ग जोड्या करून निघाला. पोरांची तोंडं पावडरीनं पांढरी झालेली, कपाळाला कुंकू, आणि खिशात पूजेसाठी घरून दिलेली नाणी. गुरुजींनी दसऱ्यासाठी शिवलेला पांढरा शर्ट-पायजमा एक दिवस आधीच घातला होता. रस्त्यानं ते उषाशी काहीतरी बोलणार होते, पण पुन्हा एखादं आश्वासन तोंडातून जाईल या भीतीनं गप्प राहिले.

प्लांटात पोचल्यावर मशीन बघून ते दारातच थांबले. झाकण उघडलेलं होतं, पट्टी समोर होती, आणि तिला हळदीकुंकवाचे पट्टे, झेंडूचा हार, पुढं नारळ, उदबत्ती. कामगार चपला काढून उभे होते. रामरावांनी नवी टोपी घातली होती आणि आज ते गुरुजींना ओळखही जपून देत होते. हात लावायचा न्हाई, लांबून पाया पडा, त्यांनी पोरांना सांगितलं. पोरांनी मुकाट्यानं हात जोडले, डोळे मिटले. उषानंही मिटले. गुरुजींना वाटलं, झालं, एवढा आटापिटा करून आपण यांना आणखी एक देव दाखवला. चित्र होतं ते परवडलं, त्याला निदान नमस्कार तरी करावा लागत नव्हता.

मग एकेक पोरगं पुढं होऊन पट्टीखालच्या फळीवर नाणं ठेवू लागलं. पहिल्या पोराकडे नवा, चकचकीत स्टीलचा चार आणा होता, तोही कौसल्याच्या सासरच्या डब्यांच्या जातीचा. त्यानं हात पुढं केला आणि नाणं बोटांतून सुटून थेट पट्टीला जाऊन चिकटलं. पोरगं दचकून मागं सरलं. कामगारांत कुजबुज झाली, देवानं घेतलं म्हणून. दुसऱ्याचंही घेतलं, तिसऱ्याचंही. रांगेत एकदम उत्साह आला. प्रत्येक जण आपलं घेतात का बघायला पुढं सरकू लागला, आणि ज्याचं घेतलं तो छाती पुढं काढून बाजूला उभा राहू लागला.

उषाकडे कातरलेल्या कडेचं जुनं, हलकं ॲल्युमिनियमचं दहा पैशाचं नाणं होतं. तिनं ते पट्टीजवळ नेलं. काही झालं नाही. तिनं आणखी जवळ नेलं, पट्टीला टेकवलं, बोटं सोडली. नाणं खाली पडलं. तिनं ते उचलून पुन्हा टेकवलं, ते पुन्हा पडलं. मागून एका कामगारानं, वाईट हेतूनं नव्हे, सहज काळजीनं विचारावं तसं विचारलं, "आंघोळ करून आली व्हती का गं, बाई?"

तिचे केस अजून ओले होते. तिनं गुरुजींकडे बघितलं. ती रडली असती तर गुरुजींनी तिला जवळ घेतलं असतं. पण ती फक्त बघत होती, आणि गुरुजींना ठाऊक होतं ती कशाची वाट बघतेय. ॲल्युमिनियम हे लोखंड नव्हे, हे वाक्य त्यांच्या जिभेवर आलं होतं. बरोबर वाक्य होतं, परीक्षेत त्याला गुण मिळाले असते. आणि आता या पोरीला आणखी एखादं बरोबर वाक्य ऐकवलं, तर ती तेही पाठ करील आणि घरी जाऊन पुन्हा आंघोळ करील, हेही त्यांना कळलं.

गुरुजी चपला काढून पुढं झाले. रामरावांनी डोळ्यांनी, मग मानेनं, मग हातानं नको नको म्हटलं. गुरुजींनी तिकडे बघितलं नाही. उषाच्या फ्रॉकचं खांद्यावरचं बटण तुटलेलं होतं, तिथं सेफ्टी पिन लावलेली होती.

"ती पिन काढ," गुरुजी म्हणाले. "घट धर, आन हळूहळू म्होरं ने. लगेच चिकटू द्यायची न्हाई."

तिनं एका हातानं फ्रॉक सावरला आणि दुसऱ्या हातानं पिन पुढं नेली. हार मधे येत होता, तो गुरुजींनी बाजूला केला. पिन थरथरली. उषाचा हात जागच्या जागी थांबला, डोळे मोठे झाले. तिनं हात जरा मागं घेतला, पुन्हा जरा पुढं नेला. मग पिन पट्टीला बसली आणि तिनं दात ओठ खाऊन ती सोडवली.

"गुरुजी, हे वढून राह्यलंय," ती हळूच म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "म्या बी वढलं, तवा सुटलं."

बळ म्हणजे ओढणं किंवा ढकलणं, हा धडा पुढचा होता. गुरुजींनी तो कधीच इतक्या थोडक्यात शिकवला नव्हता.

त्यानंतर रांग राहिली नाही. पोरींनी पिना काढल्या, पोरांनी पट्ट्यांचे बक्कल, करगोट्यातल्या किल्ल्या, कुणी खिशातला खिळा. उषाचं नाणं का पडलं हे गुरुजींनी सांगायच्या आत पोरांनी नाण्यांची अदलाबदल करून बघितलं, आणि आंघोळ न केलेल्या एका पोरानं स्वतःहून पुढं येऊन स्टीलचा चार आणा चिकटवून दाखवला. हळद सगळ्यांच्या हाताला, कपड्यांना, मशीनला लागली. नारळ फळीवरून गडगडत गेला. बाजूला उभे असलेले दोन कामगारही पान्हे घेऊन आले, आणि त्याच वेळी पेढ्यांचं ताट घेऊन मॅनेजर साहेब आत आले.

साहेब ओरडले नाहीत. पूजेची पार वाट लागलेली, मशीनला तिसरीचा अख्खा वर्ग लोंबकळलेला, मधे पिवळा झालेला मास्तर, हे त्यांनी पाहिलं, आणि हा प्रकार कुणाच्या ओळखीनं आत आला असं विचारलं. रामरावांनी खाली पाहिलं. गुरुजी म्हणाले, मीच आणली पोरं, रामरावांनी हात लावू नका म्हणून बजावलं होतं. तेवढं खरं होतं. साहेबांनी हात जोडले आणि पुन्हा या आवारात पाऊल ठेवू नका असं सांगितलं. रामरावांची नोकरी राहिली. पण त्यांनी पुढं गुरुजींशी बोलणं सोडलं, आणि गुरुजींना ते चांगलंच लागून राहिलं. शेजार तुटल्याचं दुःख असतंच.

पेढे न घेताच वरात परत निघाली. रस्ता मिलच्या मधून जाणारा. सळ्यांनी आणि भंगारानं भरलेले टेम्पो येत-जात होते. भुजंगरावांना काय सांगायचं याची गुरुजी मनात जुळवाजुळव करत होते. पेढे नाहीत हे आधी सांगावं की पूजा मोडली हे आधी, हे काही ठरत नव्हतं. मागं वळून बघतात तर जोड्या मोडलेल्या, आणि उषा पार मागं रस्त्याच्या कडेला उकिडवी बसलेली. गुरुजी तरातरा मागं गेले. भर रस्त्यात बसतेस काय, असं ते म्हणणार होते.

फ्रॉकला लावता लावता तिची पिन धुळीत पडली होती. ती उचलली तर तिच्या टोकाला काळ्या बारीक चुऱ्याचा झुपका लागला होता. उषानं तो झटकला, पिन पुन्हा धुळीत फिरवली. पुन्हा झुपका. मिलमधून वर्षानुवर्षं सांडलेला लोखंडाचा चुरा होता तो, रस्त्याच्या मातीत मिसळून गेलेला. रोज यावरून पोरं शाळेत येत होती, गुरुजी सायकलवरून जात होते. चुंबकाला लागून राहिलेलं लोखंड स्वतःही थोडा वेळ चुंबक होतं, हे पुस्तकात पुढच्या पानावर होतं. गुरुजींनी ते पान कितीदा शिकवलं होतं याला गणती नाही.

"गुरुजी, आता माझी पिन बी वढून राह्यली," उषा म्हणाली. मग तिनं त्यांच्याकडे नीट बघितलं आणि पिन पुढं केली. "धरा. तुमी बघा."

गुरुजी नव्या पांढऱ्या पायजम्यानिशी धुळीत बसले. त्यांनी पिन धरली, मातीवरून फिरवली, आणि काळे कण उभे राहून पिनेला येऊन बिलगताना बघत राहिले. बाकीची पोरं पळत आली, त्यांनीही आपापल्या पिना, खिळे बाहेर काढले आणि सगळा वर्ग रस्ताभर पसरून धूळ चाळू लागला. सळ्यांनी भरलेला एक टेम्पो येऊन थांबला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला, मग डोकं बाहेर काढून काय हरवलंय म्हणून विचारलं.

गुरुजींनी मान वर केली नाही. एक पिवळा हात मात्र वर केला.

"जरा दम धरा, भाऊ," ते म्हणाले. "शाळा चालू हाय."